हिरव्या माणसाचे सेकंद वाढवून घेताना

21 मीटरचा रस्ता, मधे दुभाजक नाही आणि पादचारी सिग्नलवरचा हिरवा माणूस पेटतो 12 सेकंद. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतात. त्या हिशेबाने धडधाकट माणूस 12 सेकंदांत 14.4 मीटरवर पोचतो. उरलेल्या साडेसहा मीटरमध्ये, म्हणजे जवळजवळ दोन लेनमध्ये, तो असतानाच गाड्या सुटतात. काठी टेकत चालणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. आमच्या चौकातली ही वेळ वाढली, पण सगळं घोडं अडलं ते एकाच प्रश्नावर: सेकंद ठरवतं कोण?

वाहतूक शाखेत अर्ज दिला, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. उत्तर आलं की खांब आणि दिवे पालिकेचे. पालिकेच्या विद्युत विभागात गेलो, तर ‘आम्ही फक्त देखभाल बघतो, वेळ पोलीस सांगतात.’ देखभालही कंत्राटदाराकडे. दिव्यांच्या वेळा चालवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे कंट्रोलरच्या, पेटीत आकडे भरणारा माणूस त्याचाच, आणि लेखी पत्राशिवाय तो पेटी उघडत नाही. त्याचंही बरोबरच आहे म्हणा! पत्र कुणी द्यायचं यावर मात्र दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत बसली. तोंडी सगळ्यांना पटतं, सही कुणालाच करायची नसते. या टोलवाटोलवीत कुणावर चिडायचं हेही कळत नाही, इतके सगळे गोड बोलतात.

गाठ सुटली ती माहिती अधिकाराने. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, म्हणून गाऱ्हाणं त्यात लिहूच नका. फक्त कागद मागा: चौकाचा मंजूर फेज आराखडा (कोणत्या बाजूला कधी आणि किती सेकंद हिरवा), पूर्ण आवर्तनाचे (सगळ्या बाजूंची पाळी एकदा होण्याचे) सेकंद, पादचाऱ्यांचे सेकंद, शेवटचा बदल कोणत्या तारखेला आणि कुणाच्या आदेशाने झाला. खाली एक ओळ हवीच: ‘माहिती आपल्याकडे नसल्यास कलम 6(3) नुसार 5 दिवसांत संबंधित कार्यालयाकडे वर्ग करावी.’ ती नसली की ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर हातात पडतं. 30 दिवसांत काही आलं नाही तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. आदेश कुणाचा हे कागदावर आलं आणि पत्र हललं.

मोजमाप अर्जासोबतच जोडा. टेप झेब्रा पट्ट्यांवरून एका फुटपाथच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरा. पट्टे तिरके असतील तर अंतर रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त भरतं. दिव्याचं चित्रीकरण सकाळी गर्दीच्या वेळी आणि दुपारी, दोन्ही वेळा करा, कारण कंट्रोलरमध्ये वेळेनुसार वेगवेगळे आराखडे असतात. मागणी आकड्यात हवी: पाऊल उचलायला 7 सेकंद, अधिक 21 भागिले 1.2 म्हणजे साडेसतरा. एकूण 25.

‘एवढे सेकंद दिले तर गाड्या तुंबतील’ हे ऐकावं लागणारच. त्याची पडताळणी करता येते. 120 सेकंदांच्या आवर्तनात 13 सेकंद काढायचेत. कोणत्या बाजूला हिरवा लागूनही रस्ता रिकामा राहतो ते चित्रीकरणात दिसतं. जागा असेल तर रस्त्याच्या मधे पादचाऱ्यांना उभं राहायला थांबा मागा, बाबागाडी मावेल एवढा. मग दोन टप्प्यांत ओलांडता येतं आणि वाद मिटतो. डावीकडे वळणाऱ्यांना त्याच वेळी मोकळं सोडलेलं असेल, तर मात्र सेकंद वाढवून निम्मंच काम होतं. त्यांनाही लाल मागा.

कायद्याचा आधार विसरत होतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 138(1अ) आलं: पादचाऱ्यांसाठी नियम करायचा अधिकार राज्याला मिळाला. ते नियम सहा महिन्यांत करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना दिला. अर्जात त्याचा उल्लेख केला की साहेब कागद निदान खालपर्यंत वाचतात. दादरला 2020 मध्ये सिग्नलवर बाईची आकृती आली, त्याचं कौतुक झालंच पाहिजे. पण अर्जात मागायचे ते सेकंद.

वेळ वाढल्यावरही लक्ष ठेवा. वीज जाऊन आली की काही कंट्रोलर मूळ आराखड्यावर परततात आणि पुन्हा 12 सेकंद! म्हणून ‘सर्व आराखड्यांत कायमस्वरूपी नोंद करावी’ हे शब्द पत्रात घालून घ्या. आणि रात्री सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असेल तर हिरवा माणूस विझलेलाच असतो. त्या तासांसाठी झेब्राच्या अलीकडे गतिरोधकाचा अर्ज वेगळा, आणि तो पालिकेच्या पथ विभागाकडे.