पाऊस ५ टक्के घटला, नदी ३० टक्के

कोरड्या खोऱ्यातल्या पाणीयोजनेचा हिशेब बहुतेकदा एका गृहीतकाने फसतो: पाऊस जेवढा कमी, तेवढाच येवा (नदीत किंवा तलावात येणारं पाणी) कमी.

कागदावर मांडून बघा. वर्षाला ५०० मिमी पाऊस. त्यातला ४५० मिमी जमिनीतून आणि झाडापिकांतून हवेत जातो, नदीला उरतो ५०. आता पाऊस ४७५ वर आला. माती आणि झाडं आपला वाटा आधी उचलतात, तो फार तर ४४० पर्यंत उतरेल. नदीच्या पदरात ३५. आकडे सोयीचे घेतलेत, पण कोरड्या खोऱ्याचा स्वभाव असाच असतो. जिथे निम्मा पाऊस नदीत येतो तिथे हा फटका इतका बसत नाही.

पाऊस तेवढाच राहिला तरी सुटका नाही. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. माती अधिक सुकते, मग पहिल्या सरी किंवा वितळलेला बर्फ तिची तहान भागवण्यातच जातो. भूजल खाली गेलं की पाझर आटतो, आणि उन्हाळ्यातला प्रवाह तर त्या पाझरावरच चालतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ च्या करारात ठरलं, तेही नेमकी ओली वर्षं समोर ठेवून. मेक्सिकोचा वाटा धरून कागदावरचं वाटप वर्षाला २० हजार दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) वर जातं. २००० नंतरचा नैसर्गिक येवा सरासरी १५ हजारांच्या आसपास.

म्हणून सरासरीवर योजना आखू नये. ३९ वर्षांचे वार्षिक येवे मोठ्याकडून लहानाकडे लावा: ३० वा आकडा ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी तरी तेवढं पाणी मिळेल असा; ३८ वा ९५ टक्क्यांचा. पिण्याच्या पाण्यासाठी ९५ टक्क्यांचाच धरावा. मग फक्त अलीकडची १९ वर्षं घेऊन तेच करा (१५ वा आणि १९ वा). दोन्हींत मोठी तफावत दिसली तर अलीकडचा धरा. जुनी नोंद कितीही लांबलचक असली तरी ती आता नसलेल्या हवामानाची आहे. मात्र वर उपसा वाढलाय का, नवे बंधारे झालेत का, हे आधी तपासा. नाहीतर माणसाची करणी हवामानाच्या खात्यावर पडते.

हंगामी हिशेब वेगळा करावा लागतो. वार्षिक येवा पुरेसा दिसतो आणि शेवटचे दोन महिने कोरडे जातात, असं सर्रास होतं. तलावाचं बाष्पीभवन पृष्ठभागावर ठरतं. १ चौरस किलोमीटर पाण्यावरून २ मीटर उडाले की २ दलघमी गेले.

उपशाच्या तोंडाची, म्हणजे तलावातून पाणी जिथून ओढलं जातं त्या जागेची, पातळी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पाणी तोंडाच्या वर पुरेसं नसेल तर भोवरा होतो, पंप हवा ओढतो आणि साठा शिल्लक असूनही योजना बंद पडते. लास वेगासने कोलोरॅडोवरच्या लेक मीड या धरणाच्या तलावात याच भीतीने तिसरं, खोल तोंड बांधलं. ते २०१५ मध्ये पूर्ण झालं. २०२२ मध्ये सगळ्यात वरचं तोंड उघडं पडलं, आणि शहराचे नळ चालू राहिले.