एफ१च्या शेजारी टी.५०

मॅकलारेन एफ१ आणि टी.५० अशा दोन्ही सुपरकार एकाच मालकाच्या, एकाच दिवशी आमच्या वर्कशॉपमध्ये आल्या. दोन्ही डिझायनर गॉर्डन मरे यांच्या डोक्यातून उतरलेल्या. पहिली १९९२ साली जगासमोर आली, दुसरी २०२० साली.

आमचे उस्ताद एफ१च्या कामातच म्हातारे झाले. तिची इंधनाची टाकी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते आणि त्यासाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. ते काम ते शांतपणे, जवळजवळ न बोलता करतात. नव्या गाडीकडे मात्र त्यांनी सकाळभर पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी मी दोन्ही गाड्या वजनाला लावल्या, चारही चाकांखाली एकेक काटा. कागदावर एफ१ ११३८ किलो, टी.५० ९८६. आमच्या काट्यांवरही दीडशेच्या आसपासच फरक आला. उस्ताद वाकून आकडा बघत राहिले.

"काटे शून्यावर आणले होतेस ना?"

"आणले होते उस्ताद."

"परत आण."

परत आणले. आकडा हलला नाही.

माझ्या लेखी खरी कसोटी हीच होती. एफ१ म्हटलं की लोकांना १९९८चा ताशी ३८६ किलोमीटरचा विक्रम आठवतो, पण ती गाडी विक्रमासाठी बनलीच नव्हती. कार्बन फायबरचा सांगाडा, मधोमध बसणारा चालक, टर्बो नसलेलं व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन. वजनाचा एकेक ग्रॅम झगडून कमी केलेला. बाकीच्या हायपरकार हजार अश्वशक्तीच्या पुढे धावत असताना टी.५० ६६३वर समाधानी आहे आणि तो झगडा पुढे नेते.

मग टी.५० लिफ्टवर चढवली. मागचा ४०० मिलिमीटरचा पंखा पोटाखालची हवा ओढतो. १९७८ साली ब्रॅबहॅम या फॉर्म्युला वन संघाच्या फॅन कारमध्ये मरे यांनी पंखा वापरला होता, ती गाडी एकच शर्यत धावली आणि जिंकली. मी हे सांगत होतो तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "एफ१मध्येही दोन होते. छोटे." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला ओळख जाणवली.

इंजिन गरम झाल्यावर ते स्वतःच मधल्या सीटवर जाऊन बसले. एफ१चं इंजिन मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जातं, हे १२,१००पर्यंत. त्यांनी तिथवर नेलं नाही. नुसता पाय टेकवला आणि फेऱ्यांचा काटा असा उसळला की मी दचकून मागे सरलो. पाय उचलताच आवाज तितक्याच झटक्यात खाली.

माझं मत तिथेच ठरलं: गाडी म्हणून नवी सरस आहे. उस्तादांना ते मान्य नाही. "हिला वाट माहीत होती," ते म्हणाले, "तिला शोधावी लागली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

संध्याकाळी आवरताना पाहिलं, तर एफ१ची वजनं ज्या वहीत ते वर्षानुवर्षं लिहीत आले, ती उघडीच होती आणि टी.५०चे चारही आकडे त्याच पानावर उतरवलेले होते.