चॅलेंजचा पाचवा डोस

मुलगी सहा वर्षांची, आणि तिच्या फाईलमध्ये सगळ्यात वर साडेचार वर्षांपूर्वीचा एक रक्ताचा रिपोर्ट. घड्यांवर फाटायला आलेला, म्हणून लॅमिनेट करून घेतलेला. पदार्थांची लांबलचक यादी, आणि त्यातल्या निम्म्यांपुढे लाल अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. शेंगदाणा, काजू, बदाम, अक्रोड, हेझलनट, सगळे लाल. शाळेने डॉक्टरांचं पत्र मागितलं म्हणून आईवडील आमच्या ॲलर्जी क्लिनिकमध्ये आले होते. त्यांना फक्त पत्र हवं होतं. तपासणी त्यांच्या मते कधीच होऊन गेली होती.

मी इथे नर्स आहे. त्वचेच्या चाचण्या आणि फूड चॅलेंज, म्हणजे संशयाचा पदार्थ आमच्या डोळ्यांसमोर थोडाथोडा वाढवत खायला देऊन बघणं, हे माझं रोजचं काम. आमचे डॉक्टर आलेला रिपोर्ट आधी बाजूला ठेवतात आणि विचारायला लागतात: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, काय त्रास झाला, आणि त्यानंतर तोच पदार्थ पुन्हा कधी पोटात गेला का. यात अर्धा तास जातो, बाहेर रांग वाढते, रिसेप्शनवर कुरकुर होते. पण दाण्यांची आयजीईवाली ॲलर्जी, म्हणजे रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडामुळे होणारी, खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. हा अर्धा तास नीट गेला की अर्धं निदान तिथेच झालेलं असतं, आणि हा वेळ वाचवणारे लोकच पुढे सगळ्यांचा वेळ खातात.

इथे उत्तर होतं, ‘काहीच नाही.’ कुठल्याही दाण्याने कधीच काही झालेलं नव्हतं. लहानपणी तिला इसब होता, गाल आणि कोपरांच्या खाचा सतत लाल. त्यासाठी कुणीतरी सगळ्या पदार्थांचं पॅनेल, म्हणजे एकत्र रक्तचाचणी, करायला सांगितलं आणि लाल यादी हातात आल्यावर ‘हे सगळं बंद’ असं सांगून पाठवलं. आई सहज बोलून गेली, “त्याआधी पीनट बटर चाटून खायची हो ती. बोट बुडवायची डब्यात.” डॉक्टरांनी लिहिणं थांबवून तिला ते वाक्य परत सांगायला लावलं.

रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं, तर शरीराने त्या पदार्थाची ओळख धरून ठेवली आहे, इतकंच त्यातून कळतं. खाल्ल्यावर त्रास होईलच असं त्यातून कळत नाही. इसबाच्या मुलांमध्ये एकूण आयजीई अनेकदा मुळातच खूप असतं, त्वचेचं संरक्षण फाटलेलं असतं, आणि पॅनेल केलं की थोडंथोडं पॉझिटिव्ह बऱ्याच गोष्टींना येतंच. त्या जुन्या रिपोर्टमध्ये शेंगदाण्याचा आकडा 1.2 होता आणि बाकीचे दाणे 0.35 ची रेघ जेमतेम ओलांडून गेलेले. लॅबच्या दृष्टीने 0.35 च्या वर गेलं की लाल शाई. रिपोर्ट ज्याच्या हातात जाणार त्याला या शाईचा अर्थ कोण सांगणार, याची जबाबदारी कुणीच घेत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. ज्या पदार्थाबद्दल संशय नाही, त्याची चाचणी करूच नये. आयजीजीची पॅनेल विकणारे तर आणखी वेगळे. आयजीजी हे दुसरंच प्रतिपिंड; ते आपण तो पदार्थ खातो याची खूण असते, ॲलर्जीची नाही.

बंद केलेल्या गोष्टींमुळे मुलीचं बालपण बरंच आखडलेलं होतं. वाढदिवसाला ती स्वतःचा डबा घेऊन जायची. घरात पाकिटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय काहीही उघडत नसत. आई हे सगळं अभिमानाने सांगत होती, आणि तिने खरोखरच खूप कष्ट घेतले होते.

आधी प्रिक टेस्ट. ही चाचणी दिसायला इतकी सोपी आहे की कुणीही करू शकेल असं वाटतं, आणि त्यामुळेच ती वाईट केली जाते. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा, दोन खुणांमध्ये किमान दोन सेंटिमीटर, नाहीतर एकाची गांध दुसऱ्यात मिसळते. प्रत्येक खुणेशी एकेका पदार्थाच्या अर्काचा एक थेंब, प्रत्येक थेंबाला नवा लॅन्सेट (टोचायची बारीक सुई), आणि दाब इतकाच की वरचा पापुद्रा टोचला जावा पण रक्त येऊ नये. एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाचा, तो फुगलाच पाहिजे. एक सलाईनचा, तो फुगता कामा नये. हिस्टामिनची गांध उठली नाही तर पुढचं सगळं रद्द. मग मी विचारते, गेल्या आठवड्यात सर्दीचं औषध दिलं होतं का? बहुतेक वेळा दिलेलं असतं, आणि त्या गोड सिरपमध्ये हिस्टामिनला दाबणारं ॲण्टीहिस्टामिन असतं हे घरच्यांच्या ध्यानीमनीही नसतं. पंधरा मिनिटं मुलाला खाजवू द्यायचं नाही, हे यातलं सगळ्यात अवघड काम. मग गांधेच्या कडेने पेन फिरवायचं, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून शाईचा ठसा उचलायचा आणि कागदावर चिकटवून मोजायचं: सगळ्यात लांब व्यास, त्याला काटकोनात दुसरा, दोन्हींची सरासरी. काही ठिकाणी नुसतं डोळ्यांनी बघून ‘प्लस प्लस’ लिहितात. त्याचा पुढे कुणालाही काही उपयोग होत नाही.

तिच्या हातावर हिस्टामिन 5 मिलिमीटर, सलाईन शून्य. बदाम, काजू, पिस्ता, अक्रोड सपाट. हेझलनटला नुसती लाली. शेंगदाणा 5 मिलिमीटर.

सलाईनपेक्षा 3 मिलिमीटर मोठी गांध म्हणजे पॉझिटिव्ह. शेंगदाण्याची 8 च्या पुढे गेली तर खरी ॲलर्जी असण्याची शक्यता फार मोठी, मग चॅलेंजची गरज सहसा उरत नाही. 5 ही मधली जागा. रक्तही पुन्हा तपासलं, या वेळी शेंगदाण्यातल्या वेगवेगळ्या प्रथिनांसकट. त्यातलं आरा एच 8 हे बर्च झाडाच्या परागकणांतल्या प्रथिनाशी मिळतंजुळतं. फक्त तेच पॉझिटिव्ह असेल तर सहसा तोंडाला थोडी खाज, बस. आरा एच 2 मात्र बीजातलं साठवणीचं प्रथिन. भाजून, पचून ते फारसं मोडत नाही आणि गंभीर रिअॅक्शनचा अंदाज सगळ्यात जास्त त्याच्यावरूनच येतो. तिचं आरा एच 2 होतं 0.6. शून्यही नाही आणि फार मोठंही नाही. एकूण शेंगदाणा 2.4.

डॉक्टरांनी आईवडिलांना सरळ सांगितलं की कागदावरून हे ठरणार नाही, खायला घालूनच बघावं लागेल. वडील तयार झाले. आईला आठवडाभर लागला.

चॅलेंजच्या दिवशी आमची खोली शांत वाटते, पण ट्रॉली आधी भरून ठेवलेली असते: ॲड्रेनलिन, ऑक्सिजन, नेब्युलायझर, सलाईन. मुलाचं वजन करून ॲड्रेनलिनचा डोस फळ्यावर लिहूनच पहिला घास दिला जातो. किलोला 0.01 मिलिग्रॅम; ती 20 किलोची, म्हणजे 0.2 मिलिग्रॅम. डोस प्रथिनांच्या मिलिग्रॅममध्ये मोजतात, पिठाच्या वजनात नाही. तेल काढलेल्या शेंगदाण्याच्या पिठात साधारण निम्मं प्रथिन असतं, त्यामुळे 3 मिलिग्रॅमच्या पहिल्या डोससाठी 6 मिलिग्रॅम पीठ, फळाच्या गरात मिसळून. मग 10, 30, 100, 300, 1000, 3000, मध्ये वीस ते तीस मिनिटं. शेवटपर्यंत गेलं तर मूठभर दाणे पोटात गेलेले असतात.

100 पर्यंत काहीही नाही. ती चित्रं रंगवत होती, आई तिच्या तोंडाकडे बघत होती. 300 चा डोस म्हणजे एका दाण्याहून थोडं जास्त. तो दिल्यावर सात-आठ मिनिटांत ती बोलायची थांबली. मी मुलांच्या अंगावरच्या गांधींआधी याकडे बघते: बडबडं मूल गप्प होतं, आईच्या अंगाला चिकटतं, जीभ ओठांवरून फिरवत राहतं. मग तिने घसा खाकरला. परत खाकरला. हनुवटीवर दोन गांधी. “पोटात दुखतंय,” म्हणाली आणि उलटी झाली. स्टेथोस्कोप लावला तर छातीत शिट्टी वाजत होती.

आमचे नवे रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) ॲण्टीहिस्टामिन आणि स्टेरॉइड भरायला वळले. अजूनही बरेच जण असंच शिकून येतात. ॲण्टीहिस्टामिनने अंगाची खाज कमी होते, पण श्वास आणि बीपी सावरायला वेळेत पोचतं ते ॲड्रेनलिन. मी फळ्यावरचा तो 0.2 मिलिग्रॅमचा डोस भरलेली सिरिंज डॉक्टरांच्या हातात दिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. ऑक्सिजन लावला. श्वास लागला होता म्हणून पाठीला उशा देऊन बसतं ठेवलं, आणि तिला उचलून घ्यायला आलेल्या आईला थांबवलं, कारण अशा वेळी मूल एकदम उभं केलं तर बीपी कोसळू शकतं. पाच-सात मिनिटांत छाती मोकळी व्हायला लागली. तोंडावर रंग परतला. तिने रंगवण्याचं पुस्तक मागितलं.

लक्षणं परत उलटू शकतात म्हणून संध्याकाळपर्यंत तिला ठेवून घेतलं. ती झोपल्यावर आईने मला विचारलं, “सिस्टर, हे तिला पहिल्यापासून होतं, की आम्ही बंद केलं म्हणून झालं?”

मी डॉक्टरांना बोलावलं. ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “आजच्या चाचणीवरून ते सांगता येणार नाही, आणि तुम्ही जे केलंत ते तुम्हाला सांगितलं होतं म्हणून केलंत.” दोन्ही खरं आहे. पण इसब असलेली मुलं जो पदार्थ आरामात खात असतात तो नुसत्या रिपोर्टवरून बंद केला, तर काहींना पुढे त्याच पदार्थाची तीव्र ॲलर्जी झालेली आढळली आहे, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. 2015 साली लंडनच्या डॉक्टर गिडिअन लॅक यांच्या गटाचा लीप अभ्यास आला. त्यात तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली 600 हून जास्त बाळं होती. ज्यांना 4 ते 11 महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला त्यांच्यात वयाच्या पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. खाणं हेच संरक्षण होतं. ही मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत खात होती. बोट बुडवून खात होती. तो रिपोर्ट काढायला सांगणाऱ्याला तिचं पुढे काय झालं हे कधी कळणारही नाही, आणि हे मला त्या दिवसातल्या उलटी-इंजेक्शनपेक्षा जास्त छळतं. कदाचित ती खात राहिली असती तरीही ॲलर्जी झाली असती. तसंही होतं.

पुढच्या काही महिन्यांत बाकीच्या दाण्यांचं एकेक चॅलेंज केलं. काजू, बदाम, हेझलनट सगळे शेवटच्या डोसपर्यंत गेले. अक्रोडही गेला, पण तिला तो आवडत नाही. शाळेच्या पत्रात आता एकच पदार्थ आहे, सोबत ॲड्रेनलिनचं पेन (तयार इंजेक्शन) कुठे ठेवायचं आणि कुणी द्यायचं ते. शेंगदाण्याची ॲलर्जी साधारण पाचातल्या एका मुलाची वयानुसार जाते, त्यामुळे दर वर्षी प्रिक आणि आरा एच 2 बघायचं ठरलं आहे.

तिला पाच महिन्यांचा भाऊ आहे. त्याच्याही गालांवर इसब. मधल्या एका भेटीत वडील त्याच्यासाठी तेच पॅनेल करून घेऊ का विचारत होते. डॉक्टरांनी त्याची फक्त शेंगदाण्याची प्रिक केली, ती सपाट आली, आणि पातळ केलेल्या पीनट बटरचा पहिला चमचा आमच्यासमोरच दिला. अख्खा दाणा नाही, तो या वयात घशात अडकतो. यानंतर ते आठवड्यातून तीनदा तरी चालू राहायला हवं, मध्येच बंद करून चालणार नाही, हे मी आईला दोनदा सांगितलं. मग आम्ही बसून घरचं ठरवलं: भरवायची वेळ मुलगी शाळेत असतानाची, चमचा आणि वाटी वेगळी, आणि नंतर हात साबणाने धुवायचे, कारण सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही. आईने सगळं त्या लॅमिनेट केलेल्या रिपोर्टच्या मागच्या बाजूला मार्करने लिहायला घेतलं. ते पुसून जाईल म्हणून मी तिला कोरा कागद दिला.