विसरता येतील असे कानातले

रविवार, रात्री

भाचीच्या लग्नासाठी करायला घेतलेले कानातले आज तिसऱ्यांदा उसवले. उसवणे हा शब्द शिवणकामातला असला तरी तारकामाला तोच शोभतो. फरक एवढाच, की उसवलेली शिवण पुन्हा घालता येते आणि एकदा वळवून सरळ केलेली तार मात्र पहिल्यासारखी राहत नाही. दोन-चारदा वाकवली की ती कडक होत जाते आणि शेवटी नेमकी पकडीच्या टोकाशी तुटते. नुसती तार असती तर तापवून मऊ करता आली असती, परंतु तिच्यात मोती ओवलेले असताना आगीचे नावही काढता येत नाही. म्हणून सतरा मोती सोडवून वाटीत ठेवले आणि तारेचे तुकडे मोडीच्या डबीत टाकले.

चूक माझीच होती, आणि ती हाताची नसून डोक्याची होती. भाचीने पहिल्याच दिवशी सांगितले होते, “मावशी, दिवसभर घालायचे आहेत, पण घातलेत हे मला विसरता आलं पाहिजे.” मी मान डोलावली आणि वहीत चित्रे काढली ती जवळजवळ खांद्याला टेकणाऱ्या तीन पदरांच्या झुमक्यांची. कागदावर वजन दिसत नाही, हे इतकी वर्षे काम करूनही मी दर वेळी नव्याने शिकते. पहिला जोड तयार झाल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तेव्हा एकेक कानातले चौदा ग्रॅम भरले. आकडा मोठा वाटला नाही, म्हणून तेच कानात घालून दुपारभर घरातली कामे केली. तासाभराने मान आपोआप सावरून धरली जाऊ लागली आणि संध्याकाळी आरशात पाहिले तर पाळी लाल झालेली, छिद्र खाली ओढले गेलेले. लग्नातला दिवस याच्या दुप्पट लांबीचा असणार होता.

तेव्हापासून सजावट सोडून फक्त वजन काढण्याचे काम चालले आहे. पितळी पत्र्याचे भरीव पान होते, तेथे आता ०.८ मिलिमीटरच्या, म्हणजे २० गेजच्या तारेची नुसती कड आहे आणि आतली जागा मोकळी आहे. (गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, नवशिक्यांना हा उलटा हिशेब फार छळतो.) तीन पदरांचा एक पदर झाला. कानात अडकवायच्या आकड्याऐवजी फिरकी घेतली आणि तिच्यामागे रुंद चकती बसवली, म्हणजे भार एका बिंदूवर न पडता पाळीवर पसरतो. वरून केसांत अडकवायला मोत्यांचा वेल जोडला. तो दिसायला दागिना असला तरी त्याचे खरे काम ओझे वाटून घेण्याचे आहे. आज काट्याने सहा ग्रॅम दाखवले.

बुधवार

आज दोन्ही पाने जोडून झाली आणि मेजावर शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा दोन्हींचे शेंडे उजवीकडेच वळलेले दिसले. एकाच साच्यावर दोन्ही वळवली होती. कानातल्यांचा जोड म्हणजे दोन सारख्या वस्तू नव्हेत, एक वस्तू आणि तिचे आरशातले रूप, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. हात गप्पा मारत चालला की असे होते. एक पान नव्याने केले.

कानात जाणारी दांडी मात्र मी पहिल्यापासून चांदीचीच धरली होती. भाचीचे कान स्वस्त मिश्रधातूने खाजतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे निकेल असते. वर सोन्याचा मुलामा असला तरी तो झिजला की खालचा धातू त्वचेला लागतोच. ९२.५ टक्के चांदीत उरलेला भाग साधारणपणे तांब्याचा असतो, त्यामुळे तेथे मला निर्धास्त वाटते.

शनिवार

अंबाड्यात खोवायच्या फणीवर दोन दिवस गेले. गोड्या पाण्यातले मोती घेतले आहेत. त्यांतला एकही पुरता गोल नाही, आणि खरे सांगायचे तर म्हणूनच ते मला आवडतात. त्यांची छिद्रे अतिशय बारीक असतात, त्यामुळे ०.३ मिलिमीटरची तार घ्यावी लागली आणि प्रत्येक मोत्यामागे फणीच्या कण्याला दोन वेढे द्यावे लागले. झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा मोह झाला होता. पण त्याच्या वाफेने जवळच्या मोत्यांवर पांढुरकी झाक येते, हे एका जुन्या हारावर अनुभवले आहे.

मोत्यांचे आणखी एक दुखणे म्हणजे ते मूळचे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुन्याच्या जातीचे. अत्तर, घाम, केसांवरचा फवारा यांनी त्यांचे पाणी उतरते. इतर दागिन्यांबाबत “सगळ्यात शेवटी घाला, सगळ्यात आधी काढा” एवढे सांगून भागते. फणीचे तसे नाही, कारण केशरचना करणारी व्यक्ती सहसा सगळे खोवून झाल्यावरच फवारा मारते. म्हणून फणीच्या डबीत चिठ्ठी ठेवली आहे: आधी फवारा, तो वाळू द्यावा, मग फणी.

सायंकाळी भाची घालून पाहायला आली. तिने मान हलवली, वाकून पादत्राणे घालून पाहिली, दोन्ही हात वर करून नाचल्यासारखे केले. कानातल्यांविषयी ती काही बोलली नाही, आणि मला तेच हवे होते. फणी काढताना मात्र “आई गं” म्हणाली. तारेच्या एका टोकात तिचे चार केस अडकून आले होते.

ते टोक डोळ्यांना दिसत नव्हते, बोटालाही लागत नव्हते. ती गेल्यावर जुन्या रेशमी ओढणीचा तुकडा फणीवरून हळूहळू ओढला, तेव्हा नवव्या मोत्यामागे धागा अडकला. ते टोक कानशीने घासले, पकडीने आत दाबले आणि पुन्हा ओढणी फिरवली. आता चौदाव्यापाशी अडकली. रात्रीचे साडेअकरा झाले आहेत आणि अजून नऊ मोती तपासायचे आहेत.