विकतोय. का, ते सांगतो

"सहा वर्षं घालवून ही जुनी मोटरसायकल उभी केलीत आणि आता विकता?" सोसायटीच्या वॉचमनपासून आमच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालंय. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो.

गाडी बीएसए एम२०. ५०० सीसी, एक सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, १३ हॉर्सपॉवर. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, कंपनीच्या नावातच बंदुका आहेत, आणि बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला तिने असल्या सव्वा लाखाच्या वर गाड्या पुरवल्या. सैन्याचे निरोप पोचवणारे स्वार त्या भरधाव पळवायचे म्हणतात. पळवायचे हा शब्द जरा जास्तच झाला. साठच्या पुढे गेलं की माझी तरी कुरकुरायला लागते. मागे सस्पेन्शन नाहीच, फक्त सीटखाली स्प्रिंगा. पुण्यातले गतिरोधक तिला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले नाहीत.

मला ती एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये सापडली. बंगला बिल्डरकडे गेला होता आणि गाडी भंगारात निघाली होती. टाकीवर लाल रंग. तो खरवडला तर खाली हिरवा, आणि त्याच्याही खाली खाकी. त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही.

मी टूलरूममधला माणूस, त्यामुळे लेथ-मिलिंगची भीती नव्हती. तरी पहिले दोन महिने नुसते पान्यांत गेले. तिच्या नटांना एमएमचा पाना बसत नाही. बसवलात तर नटाचे कोपरे जातात. जुन्या ब्रिटिश मापाचे व्हिटवर्थ पाने लागतात, आणि त्यांच्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. हे कळेपर्यंत मी पानेवाल्यालाच खोटा ठरवत होतो. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात फेऱ्या मारून एकेक पाना जमवला. ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोचं आर्मेचर पुन्हा गुंडाळून घेतलं. भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याने व्हॉल्व्ह गाइड करून दिले, तेही 'घाई करणार नसाल तर' या अटीवर. खर्चाची वही ठेवली होती, सौ. ती वाचायला लागल्यावर बंद केली.

तर विकतो का? लोकांना वाटतं, गुडघा. तेही खोटं नाही. या गाडीची किक उजवीकडे, गिअरही उजव्या पायात, आणि मागचा ब्रेक डाव्या. माझा उजवा गुडघा बदललेला. एकदा नळस्टॉपला समोर रिक्षा थांबली आणि मी सवयीने उजवा पाय दाबला. ब्रेकऐवजी गिअर पडला. पुढच्या ब्रेकने वाचवलं, ते रिक्षावाल्याला कळलंही नाही. तेव्हापासून लक्ष्मी रस्त्याचं नावही काढलेलं नाही.

पण खरं कारण वेगळं. गाडी खोललेली होती तेव्हा पार्किंगमध्ये रोज कोणीतरी यायचं. कोणी चहा घेऊन, कोणी नुसता सल्ला घेऊन. पूर्ण झाली, पॉलिश झाली, आणि लोक लांबून फोटो काढायला लागले. मीही तिच्यावर चादर घालायला लागलो. मला दुरुस्ती आवडते, मालकी नाही, हे साठी उलटल्यावर कळलं.

शिवाय उभी राहून ही गाडी बिघडते. तीन आठवडे चालवली नाही की ऑइलच्या टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनाच्या तळाशी, क्रॅंककेसमध्ये उतरतं. मग किक मारलीत की सोसायटीभर धूर. आत्ताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल. ते ओल धरतं, जुन्या रबराला सोसत नाही. कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवायचा, हे मी विसरायला लागलोय.

बघायला येणारे बहुतेक पहिल्याच वाक्यात "किती देते?" विचारतात. त्यांना मी चहा देतो. दुसरे नंबर विचारतात. इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर जुळत नाही, हे मी आधीच सांगतो. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं या गाडीतून त्या गाडीत जायचीच. जुळलेले नंबर दाखवणारा कोणी भेटला तर पंच मारलेले आकडे भिंगातून बघा. काही जणांना २०२१ च्या नियमातली, विंटेज गाड्यांची 'व्हीए' नंबरपाटी हवी असते. पण ती घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, हे त्यांच्या गावी नसतं.

गेल्या गुरुवारी एक मुलगी आली, पंचविशीची असेल. किंमत विचारली नाही. खाली वाकून क्रॅंककेसखाली बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाली, "काका, इथलं ऑइल शेवटचं ड्रेन कधी केलंत?"

मी खरं ते सांगितलं. दोन महिने झाले होते.

येत्या रविवारी सकाळी सातला तिला बोलावलंय. अट एकच: कार्ब्युरेटरवरचं टिकलर बटण दाबून पेट्रोल वर आणायचं, इग्निशन रिटार्ड करायचं म्हणजे ठिणगी उशिरा पाडायची, दाब सोडणारा व्हॉल्व्ह लिफ्टर ओढून पिस्टन कॉम्प्रेशनच्या पुढे न्यायचा, आणि मग किक. हे सगळं तिने करायचं. मी चहा घेऊन बाजूला बसणार आहे. पाने मात्र गाडीबरोबर द्यायचे की नाही, ते अजून ठरत नाही.