तारखेपाशीच अडलेली वही

बुधवार, रात्री उशिरा

जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ पुन्हा वाचायला काढली आहे. या कादंबरीचं नाव निघालं की सगळ्यांना आठवतो तो रात्रंदिवस नजर ठेवणारा टेलिस्क्रीन आणि भिंतीभिंतीवरून रोखून बघणारा हुकूमशहा बिग ब्रदर. मला मात्र या खेपेला धडकी भरली ती चॉकलेटमुळे.

विन्स्टन स्मिथ सत्य मंत्रालयात नोकरीला आहे. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलायचा, हे त्याचं काम. यंदा चॉकलेटच्या रेशनमध्ये कपात होणार नाही, असं वचन सरकारने दिलेलं असतं. आता ते ३० ग्रॅमवरून २० वर येणार. म्हणून विन्स्टन जुन्या अंकातलं वचनच काढून टाकतो आणि त्या जागी कपातीची पूर्वसूचना घालतो. मूळ कागद भट्टीत. पुढे कँटीनमध्ये तो जेवत असताना घोषणा होते: रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढून बिग ब्रदरचे आभार मानले! कपातीची बातमी आदल्याच दिवशी आलेली, आणि शेजारी बसलेला पार्सन्स हे बिनतक्रार गिळतो. विन्स्टनला वाटतं, आठवण शिल्लक असलेले आपण एकटेच की काय?

त्याची रोजनिशी मला म्हणूनच फार मोठी गोष्ट वाटते. जुन्या सामानाच्या दुकानातून गुपचूप विकत आणलेली, गुळगुळीत कागदांची वही. सापडली तर मरण, नाहीतर निदान पंचवीस वर्षं सक्तमजुरी. टेलिस्क्रीनच्या टप्प्याबाहेरच्या कोनाड्यात बसून तो टाक बुडवतो, ४ एप्रिल १९८४ अशी तारीख घालतो आणि तिथेच थबकतो, कारण हे साल खरोखरच १९८४ आहे याचीसुद्धा त्याला खात्री नाही. एवढ्या एका ओळीत ऑर्वेलने केवढं सांगितलंय! वर वार लिहिताना माझा हात क्षणभर थांबला तो त्यामुळेच.

हे लिहिणारा माणूस तेव्हा क्षयाने खंगला होता. स्कॉटलंडच्या जुरा बेटावरचं एकाकी घर, वीज नाही, रॉकेलचे दिवे. अमेरिकेहून मागवलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध सोसेना. त्वचा सोलवटली, केस गळले. टंकलेखनाला बेटावर यायला कोणी मिळेना, तेव्हा १९४८च्या अखेरीस त्याने सगळं हस्तलिखित स्वतःच टाइप केलं. पुस्तक ८ जून १९४९ला आलं आणि २१ जानेवारी १९५०ला तो गेला. वय ४६. (जन्म आपल्याकडचा, बिहारमधल्या मोतीहारीचा.)

आजारामुळेच कादंबरी इतकी काळीकुट्ट झाली, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. तिचं मूळ स्पेनमध्ये आहे. १९३७ साली तिथल्या यादवी युद्धात बंडखोर सेनानी फ्रँकोविरुद्ध लढताना ऑर्वेलच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. वाचला, बार्सिलोनाला परतला, तर ज्या पक्षाच्या तुकडीत तो लढला, त्याच पक्षाच्या सैनिकांना फॅसिस्टांचे हस्तक ठरवून तुरुंगात कोंबणं चाललं होतं. बायकोला घेऊन त्याला जीव वाचवून फ्रान्सला निसटावं लागलं. जिथे चकमकही झाली नाही तिथल्या मोठ्या लढायांची वर्णनं आणि जिथे शेकडो माणसं मेली तिथल्याबद्दल अवाक्षर नाही, अशी वर्तमानपत्रं त्याने तेव्हा वाचली. स्पेनच्या आठवणींवरच्या पुढच्या एका लेखात तो लिहितो, की नेत्याने दोन अधिक दोन पाच म्हटलं तर पाच, अशी वेळ येऊ शकते, आणि याची त्याला बॉम्बपेक्षा जास्त भीती वाटते. लंडनवर महिनोन्‌महिने बॉम्ब पडल्यानंतर लिहिलेलं वाक्य आहे हे.

आता तिसरा भाग उरलाय. विन्स्टनचा छळ करणारा ओब्रायन चार बोटं पुढे धरून किती आहेत विचारतो, तो. तो मी रात्री वाचणार नाही.