उजवीकडून उघडणारी वही

मंगळवारी नि शुक्रवारी चार वाजता मी इंदूरच्या रामबागेतून ई-रिक्षा पकडून जयरामपूर कॉलनीत जाते. तिथे एका ओसरीवर पाकिस्तानातल्या सिंधहून आलेली पाच-सहा मुलं माझ्याकडे हिंदी शिकतात. बोलतात फर्डं, अडतं ते लिहिण्यावाचण्यात.

पहिल्या दिवशी चौदा वर्षांच्या एकाने वही उलटीकडून उघडली. मी सरळ करून दिली, त्याने पुन्हा फिरवली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिकडे सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, उजवीकडून डावीकडे, आणि अक्षरं 52! आमच्या बाराखडीला घाबरणारा हा पोरगा ती सगळी कोळून प्यायलेला. त्या दिवशी मीच त्याच्याकडून माझं नाव लिहून घेतलं. पहिली वेलांटी आधी काढायची आणि मागाहून उच्चारायची, हे त्याला अजून पटलेलं नाही. (खरं सांगायचं तर आता मलाही पटेनासं झालंय.)

घरच्यांचा जीव मात्र कागदांत. नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेलेच बसतात. हे नंतर आले, म्हणून दीर्घ मुदतीचा व्हिसा नि त्याचं नूतनीकरण. मागे एका कचेरीतून वडिलांच्या नावातल्या एका अक्षरापायी फॉर्म परत आला होता. या खेपेला पोराने स्वतः भरला. मी फक्त वेलांट्या तपासल्या.

त्याची आई दारातच पापड-पाणी पुढे करते. नाही म्हटलेलं चालत नाही.